बरणीतलं तेल वाहत होतं

समजा, ट्रॅक्टर तुम्हालाच सुरू करायचा आहे. नुकतं उजाडतं आहे, बाहेर उणे सतरा आहे, तीन दिवस वाऱ्यानं उच्छाद मांडलाय आणि वीज गेलेली आहे. हातमोजा घातला तर शेडची कडी निघत नाही, काढला तर बोटं लोखंडाला चिकटतात. ट्रॅक्टरला पुढून बर्फ ढकलायचा फाळ लावलेला आहे. टाकीत जे आहे ते सगळं काही पंपावरून आलेलं नाही. त्यातला चौथा हिस्सा तुम्ही स्वतः शेडमध्ये केलाय. शाळेच्या स्वयंपाकघरातलं, खानावळीतलं, गावातल्या घराघरांतलं तळून उरलेलं तेल गाळून, त्यातलं पाणी उडवून, औषध घालून केलेलं बायोडिझेल. किल्ली फिरवण्याआधी तुम्ही काय बघाल?

विल्मा बरणी बघायची.

काकडीच्या लोणच्याची रिकामी काचेची बरणी. तेलाचा नवा घाणा निघाला की ती बरणीत तीन भाग हिवाळी डिझेल आणि एक भाग आपलं तेल घालायची आणि बरणी रात्रभर शेडच्या खिडकीबाहेर ठेवायची. सकाळी ती आडवी करायची. तेल धावलं तर घाणा चांगला. रेंगाळलं तर शंका. हललंच नाही तर ते पिंप मे महिन्यापर्यंत कोपऱ्यात. चार हिवाळे ही बरणी कधी चुकली नव्हती. गावातली पोरं शेडवरून शाळेत जाताना ओरडायची, "मावशी, काकडी काय म्हणतेय?" आणि ती आतून सांगायची, "जा म्हणतेय. तुमची शाळा चुकत नाही."

फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी तिनं बरणी आडवी केली आणि तेल धावलं. जरासं धुरकट वाटलं, पण धावलं.

त्या दिवशी प्रश्न शाळेचा नव्हता. प्रश्न गेझाकाकांचा होता.

यालोवेत्स हे आमचं गाव डोंगराच्या खांद्यावर आहे. खाली पुलापर्यंत जिल्ह्याचा रस्ता येतो, तिथून वरचा चार किलोमीटरचा चढ गावाचा. तो गावानंच साफ ठेवायचा. गेझाकाकांची दोन्ही मूत्रपिंडं काम करेनाशी झाल्यापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार त्यांना गावातल्या कोणाच्या तरी गाडीनं पुलापर्यंत न्यायचं, तिथून रुग्णालयाची गाडी त्यांना शहरात डायलिसिसला न्यायची. त्याआधीच्या शनिवारी वाऱ्यानं रस्ता पार बुजवला होता. रविवारी, सोमवारी तेच. म्हणजे गुरुवारपासून काकांचं रक्त धुतलं गेलं नव्हतं. पाय पावासारखे फुगले होते. आडवं झालं की श्वास लागायचा, म्हणून सोमवारची रात्र त्यांनी चुलीजवळच्या बाकावर बसून काढली. हेलिकॉप्टर त्या वाऱ्यात उडणार नाही असं दोनदा सांगून झालं होतं. आणि डॉक्टरीणबाई फोनवर झोफियाकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, एवढंच म्हणाल्या होत्या, "मंगळवार चुकवू नका. काहीही करा, पण मंगळवार नको."

*

विल्माबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर ती बरणीवर एवढी का अडून बसली हे कळणार नाही.

ती खालच्या दूधडेअरीत प्रयोगशाळेत होती. मेंढीच्या चीजचे नमुने तपासायची. डेअरी बंद पडली तेव्हा ती चाळिशीत होती, लग्न झालेलं नव्हतं, आणि आमच्याकडच्या बायका अशा वेळी जे करतात तेच तिनं केलं. सीमेपलीकडे ऑस्ट्रियात म्हाताऱ्यांची शुश्रूषा. दोन आठवडे तिथं, दोन आठवडे इथं, मधे रात्रभर मिनीबस. तिचा म्हातारा, आल्फोन्स, शेतकरी होता. अर्धं अंग लुळं, पण कोठारात तेलाची पिंपं. स्वतःच्या ट्रॅक्टरसाठी तो तळणाच्या तेलाचं इंधन करायचा. आता हात चालत नव्हते म्हणून खुर्चीत बसून तो सांगायचा आणि विल्मा करायची. घरी कोणी विचारलं की ती म्हणायची, "मी म्हाताऱ्याला अंघोळ घालायला गेले होते, त्यानं मला कामाला लावलं." बरणीची युक्ती त्याचीच. तो म्हणायचा, "विल्माबाई, तेलाबद्दल कोण काय सांगतं ते ऐकू नका. काचेतून बघा."

म्हातारा गेल्यावर ती परतली ती त्याचं जुनं भांडं, नळ्या आणि दोन गाळण्या घेऊन. गावाच्या ट्रॅक्टरची नोकरी तिला मिळाली, कारण दुसऱ्या कोणी ती मागितलीच नव्हती. तेलाचं मात्र सोपं गेलं नाही. सरपंच कोर्नेल सभेत सगळ्यांसमोर म्हणाला होता, "म्हणजे आता गाव बटाट्याच्या काचऱ्यांवर चालणार. ट्रॅक्टर बिघडला की त्यावर मीठ भुरभुरा." लोक हसले. विल्मा उठून म्हणाली, "सरपंच, तुमची गाडी पंपावरच्या डिझेलवर चालते ना? मग गेल्या जानेवारीत ती कोणी ओढून आणली?" लोक पुन्हा हसले, यावेळी जास्त. तेव्हापासून शेडच्या दारात रिकामे डबे असतात. ज्याच्या घरी तेल उरतं तो ते आणून ओततो. प्रत्येक डब्यावर विल्मानं रंगानं लिहिलंय: फक्त तेल. चरबी नको, कृपया.

चार हिवाळे ट्रॅक्टर एकदाही थांबला नव्हता. कोर्नेल पुन्हा कधी काही बोलला नाही, पण विसरलाही नव्हता. आणि हे तिला ठाऊक होतं.

*

त्या सकाळी वीज नसल्यामुळे तिनं शेडमध्ये कंदील लावला नाही. तेलाजवळ ज्योत नको. दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात पिंपाच्या तळाची तोटी उघडून आपलं तेल मापलं, डिझेलमध्ये मिसळलं, टाकी भरली. शेडची एक भिंत शाळेच्या बॉयलरला लागून आहे, त्यामुळे आत पाणी गोठत नाही. यंत्र एका दमात सुरू झालं.

पुढे फाळ ढकलत ट्रॅक्टर, मागे अग्निशमन पथकाची जुनी चारही चाकं ओढणारी गाडी. ती मातूश चालवत होता. मातूश आमच्या स्वयंसेवक पथकाचा प्रमुख, एरवी सुतार. त्याच्या शेजारी गेझाकाका, मेंढीच्या कातड्याच्या कोटात, मांडीवर दुलई. मागच्या सीटवर फावडी घेऊन कोर्नेल. झोफियाकाकू फाटकात उभ्या होत्या. ट्रॅक्टर समोरून गेला तेव्हा त्यांनी आधी ट्रॅक्टरवर क्रुसाची खूण केली, मग नवऱ्यावर.

गावाखालचा पहिला उतार नीट पार पडला. बर्फ फाळावरून उलटून कडेला पडत होता. विल्मा दर थोड्या वेळानं मागे वळून बघायची. काचेतून काकांचं तोंड दिसायचं, उघडं. मासा पाण्याबाहेर ठेवावा तसं.

लिंडनच्या झाडाखाली छोटं देऊळ आहे, तिथं रस्ता वळतो आणि वारा सरळ अंगावर येतो. त्या वळणावर यंत्राचा आवाज बदलला. आधी तिला वाटलं बर्फ जड आहे. तिनं फाळ थोडा उचलला. आवाज आणखी खाली गेला, मग एकदम वर, मग पुन्हा खाली, धाप लागल्यासारखा. मग बंद.

वाऱ्याशिवाय काही ऐकू येईना.

ती उडी मारून उतरली, बाजूचं झाकण उघडलं. इंधनाच्या फिल्टरखाली काचेची वाटी असते. एरवी तिच्यातून पलीकडचं बोट दिसतं. आता ती दुधाळ होती.

मातूश आला. "काय झालं, मावशी?"

"फिल्टर तुंबलाय."

"गोठलं?"

"गोठणार नाही. बरणीतलं तेल वाहत होतं."

कोर्नेल फावडं टेकवत आला. वाटीकडे बघितलं, विल्माकडे बघितलं, पण आश्चर्य म्हणजे काही बोलला नाही. ते जास्त वाईट होतं.

मातूशच्या खिशात फोन वाजला. खाली पूल दिसत नसला तरी त्या देवळापाशी फोन लागतो. रुग्णालयाच्या गाडीचा चालक होता. मातूशनं फोन कानापासून थोडा दूर धरला, म्हणून सगळ्यांना ऐकू आलं.

"कुठे आहात? मी पुलापाशी आहे. माझ्याकडे मागे अजून दोघं बसलेत, त्यांचीही पाळी आहे. साडेदहापर्यंत थांबतो. त्यानंतर नाही थांबता येणार, भाऊ. ती माणसंही माणसंच आहेत."

"येतोय," मातूश म्हणाला.

गाडीची काच खाली झाली. गेझाकाकांनी दोन श्वास घेतले, मग बोलले. "माझी घसरगाडी... भिंतीवर टांगलीय. कोठारात."

"काका, गप्प बसा, श्वास जपा," विल्मा म्हणाली. "माझ्याकडे दुसरा फिल्टर आहे."

दुसरा फिल्टर तिच्या कोटाच्या आतल्या खिशात होता, अंगाच्या उबेत. आल्फोन्सनं शिकवलेलं. तिनं हातमोजे दातांनी ओढून काढले. जुना फिल्टर फिरेना. मातूशनं पाना लावला तेव्हा तो सुटला, आणि आतून जे बाहेर आलं ते ओतलं गेलं नाही, पडलं. थंड लापशीसारखं.

कोर्नेलनं शेवटी तोंड उघडलं. "एक सांगू का? माझे वडील ट्रकच्या टाकीखाली चिंधी पेटवायचे. दोन मिनिटांत चालू."

"तुमचे वडील किती वर्षं जगले?"

"बावन्न."

"तेच म्हणते मी. लांब राहा."

तिच्या थर्मासमध्ये चहा होता. तो तिनं नव्या फिल्टरवर आणि नळीवर हळूहळू ओतला. वाफेला रमचा वास आला, तेव्हा गाडीतून काका म्हणाले, "त्यातला घोटभर... मला चालला असता." त्यांना दिवसाला पाणीसुद्धा मापून मिळायचं.

तिनं हातपंप मारला, हवा काढली, वर चढली, किल्ली फिरवली. यंत्र खोकलं, थांबलं, खोकलं, धरलं. मातूश पळत गाडीत बसला. ट्रॅक्टर वळण पार करून खिंडीत शिरला. दोन्ही बाजूंना दरड आणि मधे वाऱ्यानं भरलेला बर्फ, कमरेएवढा. अर्धी खिंड झाली. खाली, झाडांच्या पलीकडे, पुलावर गाडीचे पिवळे दिवे लुकलुकताना दिसले.

आणि आवाज पुन्हा बदलला.

विल्मानं पाय उचलला, दाबला, काही उपयोग नव्हता. ट्रॅक्टर खिंडीच्या मधोमध उभा राहिला. बुचासारखा. आता त्याच्या पुढे गाडी जाणं शक्यच नव्हतं.

ती पुन्हा उतरली. मातूश आणि कोर्नेल दोघं तिच्याजवळ आले.

"अर्धा तास द्या," ती म्हणाली. तिचे ओठ नीट हलत नव्हते. "मातूश, वर जा, पहिल्या घरातून गरम पाणी आण. दोन बादल्या. दोन्ही फिल्टर पाण्यात टाकते, टाकीला घोंगडी गुंडाळते. अर्ध्या तासात चालेल."

"आणि मग पुन्हा थांबला तर?" कोर्नेलनं विचारलं. टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होता.

"नाही थांबणार. काहीतरी वेगळं झालंय. मिश्रण बरोबर आहे. मी रात्री ठेवलं होतं, सकाळी बघितलं. बरणीतलं तेल..."

"विल्मा."

गाडीचं दार उघडलं होतं. गेझाकाका पाय बाहेर टाकून बसले होते. चेहरा मेणासारखा, ओठ निळसर. ते थांबून थांबून बोलले.

"तुला खाली... कोणाला पोचवायचंय? मला, की बरणीला?"

मातूश सांगतो, विल्माच्या हातात पाना होता. तो तिनं ट्रॅक्टरच्या पायरीवर ठेवला, अगदी सावकाश, आवाज न करता.

"मातूश," ती म्हणाली, "काकांची घसरगाडी घेऊन ये."

*

आमच्याकडची घसरगाडी म्हणजे मुलांचं खेळणं नव्हे. पुढे बोकडाच्या शिंगांसारखे वळलेले दोन उंच दांडे, त्यांच्यामध्ये पाठ लावून माणूस उभा राहतो आणि टाचा रोवत उतरतो. मागे गवताचा भारा नाहीतर लाकडं. गेझाकाकांनी तीस-पस्तीस वर्षं तिच्यावरून लाकडं उतरवली होती. फाशियांगीच्या सणात, उपास सुरू होण्याआधीच्या त्या धमाल आठवड्यांत, घसरगाड्यांच्या शर्यती होतात, त्यात ते सात वेळा पहिले आले होते. मातूश जन्मात एकदाही नाही.

काकांना आत ठेवूनच, गाडी मागे घेत तो वर गेला. तेवढ्या वेळात विल्मा ट्रॅक्टरकडे पाठ करून खिंडीतला बर्फ तुडवत राहिली. कोर्नेल पुढे फावड्यानं, मागे ती पायांनी. एकदा तो थांबून म्हणाला, "विल्मा, मी काही बोललो नाहीये."

"बोला ना. बोललात तर बरं वाटेल."

"मग नाही बोलत," कोर्नेल म्हणाला आणि पुन्हा फावडं मारू लागला.

काकांना दुलईत गुंडाळून घसरगाडीवर बसवलं, बसलेलेच, कारण आडवं करणं शक्य नव्हतं. दोरानं बांधलं. मातूश शिंगांमध्ये उभा राहिला. मागे दोर धरून विल्मा, आवर घालायला. कोर्नेल पुढे वाट फोडत.

खिंड संपेपर्यंत ओढावं लागलं. पुढे उतार लागला आणि घसरगाडी आपणहून निघाली.

"टाचा," काका म्हणाले.

मातूशनं टाचा रोवल्या. बर्फ उडून त्याच्याच तोंडावर आला.

"दोन्ही नको. उजवी. बाहेरची." श्वास. "तू दार ठोकत नाहीयेस, पोरा. मागे पाठीवर... रेल. तिच्यावर भरवसा ठेव."

"काका, बोलू नका," मागून विल्मा ओरडली.

"मी बोललो नाही तर... हा मला ओढ्यात घालेल."

एका वळणावर खरंच घालणार होता. गाडी कडेला गेली, डावी पट्टी बर्फाबाहेर आली, काका दोरासकट एका बाजूला कलले. विल्मा दोर न सोडता आडवी पडली आणि पोटावर घसरत गेली. तिच्या वजनानं गाडीचं मागचं टोक वळलं आणि ती पुन्हा वाटेला लागली. काकांचं डोकं छातीवर पडलं होतं. विल्मानं गुडघ्यावर उठत हाक मारली, "काका." मग पुन्हा, "गेझाकाका."

"डावी टाच," काका डोळे न उघडता म्हणाले.

पुलापाशी पोचले तेव्हा रुग्णालयाच्या गाडीचं यंत्र चालू होतं आणि तिनं तोंड शहराकडे वळवलेलं होतं. चालक दारात उभा राहून सिगारेट ओढत होता. साडेदहा होऊन गेले होते. त्यानं घसरगाडी बघितली, तिच्यावरचा म्हातारा बघितला, सिगारेट बर्फात टाकली.

"मी निघालोच होतो," तो म्हणाला. "मग मागच्या आजीबाई म्हणाल्या, खिंडीतून काहीतरी खाली येतंय, एकतर अस्वल आहे नाहीतर सरपंच."

गाडीत चढवताना काकांनी मातूशच्या कोटाची बाही धरली. "गाडी... परत भिंतीवर टांग. पट्ट्यांना मेण लाव."

त्याच दुपारी शहरातून फोन आला. रक्तातलं क्षाराचं प्रमाण असं होतं की डॉक्टरीणबाईंनी आकडा सांगायचं टाळलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर हृदय कधीही थांबलं असतं, एवढंच म्हणाल्या. आता ते यंत्रावर होते आणि भूक लागली म्हणून कुरकुरत होते.

*

ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या बर्फ काढणाऱ्या गाडीनं ओढून आणला. शेडचं दार लावून विल्मा पिंपापाशी बसली आणि तिनं ते वरून खालपर्यंत तपासलं.

वरचं तेल स्वच्छ होतं. चमच्यानं घेतलं, काचेत धरलं, पलीकडचं बोट दिसलं. मग तिनं लांब दांड्याचा डाव तळापर्यंत घातला आणि हलवला. डाव जड लागला. बाहेर काढला तर त्यात पांढरं, दाट, गाळासारखं काहीतरी होतं. बोटांमध्ये चोळलं तर विरघळलं.

तेव्हा तिला आपली चूक कळली. बरणीसाठी तेल ती वरून डावानं घ्यायची, हाताला जवळ म्हणून. ट्रॅक्टरसाठी तळाच्या तोटीनं, सोयीचं म्हणून. चार वर्षं पिंपात वरचं तेल आणि खालचं तेल एकच होतं, त्यामुळे फरक पडला नाही. यावेळी शेडच्या गारव्यात त्यातलं जे लवकर गोठणारं होतं ते खाली बसलं होतं. बरणीनं खोटं सांगितलं नव्हतं. तिनं फक्त वरच्या तेलाबद्दल सांगितलं होतं.

सूर्यफुलाचं किंवा मोहरीचं तेल असं आणि इतक्यात खाली बसत नाही. असं बसतं ते डुकराच्या चरबीपासून केलेलं. आणि चरबी तर डब्यावर मोठ्या अक्षरांत नको म्हटली होती.

कोणी घातली, हे तिनं शोधायला घेतलं नाही. ते तिच्याकडे आपोआप आलं.

तीन-चार दिवसांनी झोफियाकाकूंनी तिला घरी बोलावलं. काका अजून शहरातच होते, पण सुधारत होते. काकूंनी फाशियांगीचे शिश्के तळले होते. गोल, फुगलेले, मधे पांढरी रेघ, वर पिठीसाखर. ताट विल्मासमोर आलं.

"घे."

"नको, काकू. आत्ता खाऊन आले."

"घे गं."

"खरंच नको."

काकूंनी दोन उचलून तिच्या बशीत ठेवले. विल्मानं एक खाल्ला. मग दुसरा.

"यंदा कसे झालेत?"

"छान झालेत. गेल्या वर्षीपेक्षा छान."

"होणारच." काकू समोर बसल्या. चेहरा उजळला होता. "यंदा आम्ही बायकांनी जानेवारीतच ठरवलं, फाशियांगीला तेल नाही. जुन्या रीतीनं, चरबीत. डुक्कर आमचंच, डिसेंबरात कापलेलं. आणि तुलाही घातली हो मी. तीन भांडी. शेजारच्या तिघींनाही सांगितलं, त्यांनीही घातली."

विल्मानं चहाचा पेला खाली ठेवला. "मला घातली म्हणजे?"

"तुझ्या डब्यात. तळून उरलेली, पण स्वच्छ हं. फडक्यातून गाळून, कोमट करून तुझ्या तेलात नीट ढवळली, म्हणजे गोळा व्हायला नको."

"काकू, डब्यावर लिहिलंय. चरबी नको, कृपया."

"लिहिलंय ना. वाचलं मी."

"मग?"

"मग काय? तू नको म्हणणारच. चांगल्या घरातली आहेस. तुझी आईही अशीच होती, वाटीभर लोणी द्यायला गेलं तर दार लावून घ्यायची." काकू हसल्या. "आत्ता शिश्के वाढले तेव्हा काय म्हणालीस?"

"नको म्हणाले."

"आणि?"

विल्मानं बशीकडे बघितलं. बशीत साखर उरली होती.

"सूर्यफुलाचं तेल काय, उन्हाळ्याचं," काकू सांगत होत्या. "थंडीत माणूस चरबीवर तगतो. गेझा जंगलात जायचा तेव्हा मी त्याला चार बोटं जाड चरबीचा तुकडा बांधून द्यायची, नुसती भाकरी दिली असती तर तो पहिल्या वळणावर बसला असता. मग म्हटलं, तुझं ते यंत्र एवढ्या थंडीत आमच्या म्हाताऱ्यासाठी चढ-उतार करतंय, त्याला तू नुसतं तेल पाजतेस. त्याच्याही अंगात जरा ताकद येऊ दे." त्या थांबल्या. "तेवढ्यावर तरी ते अर्ध्या खिंडीपर्यंत गेलं. नाहीतर गावातच बसलं असतं. हो की नाही?"

त्या विल्माकडे बघत होत्या. हात मांडीवर, बोटं एकमेकांत अडकवलेली. पाच दिवस नवऱ्याचा श्वास मोजत बसलेली बाई.

विल्मा म्हणाली, "हो, काकू."

निघताना दारापाशी झाकणाचं भांडं तयार होतं, वर स्वच्छ फडकं बांधलेलं. ते कशाचं आहे हे विचारावं लागलं नाही.

"नको, काकू," विल्मा म्हणाली. या वेळी तिनं ते शक्य तितकं खरं म्हटलं. दोन्ही हात मागे घेतले. "मला खरोखर नको. मनापासून सांगते."

काकूंनी भांडं तिच्या हातात ठेवलं आणि वरून थोपटलं.

ते भांडं आता शेडमध्ये आहे, मे महिन्याच्या पिंपाशेजारी. बरणीसाठी ती आता तेल तळातल्या तोटीतून घेते. डब्यांवरचा 'कृपया' तिनं खरवडून काढला, पण त्यानं काही फरक पडलेला नाही. उलट दोन घरं म्हणाली, विल्मा आजकाल जास्तच संकोच करते. काका आता घरी आलेत, पुढची पाळी उद्या आहे. काकूंना खरं सांगितलं तर त्या पुन्हा कधी घालणार नाहीत, पण मग त्या खिंडीचं ओझं उरलेलं आयुष्य त्या वाहत राहतील, आणि ते विल्माला करायचं नाही.

परवा मी शेडमध्ये गेलो तेव्हा ती खिडकीतली बरणी आडवी करून बघत होती. तेल धावलं. ती म्हणाली, "हे मला जमतं. पण तू शिकलेला आहेस, मला एक सांग. आपल्या गावात 'नको' कसं म्हणायचं, की समोरच्याला ते खरंच 'नको' वाटेल?"